कॉम्प्रेशन वाढवायचे तर आधी मोजा

कापडाच्या व्यापाऱ्याने इंजिनावर का लिहावे, असे वाचक विचारतील, आणि विचारणे रास्त आहे. थानावर हात फिरवून सूत किती आणि पॉलिस्टर किती हे मी सांगेन, पण पाना कसा धरावा हे मला आजही नीट येत नाही. मात्र माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात बारा वर्षे एका गॅरेजमध्ये होता. तिथे जुन्या स्पोर्ट्स मोटारींची इंजिने बांधत. दुबईला माल पाहायला गेलो की बर दुबईच्या कापडबाजारातले काम आटपून मी संध्याकाळी त्याच्याकडे जात असे. स्टुलावर बसून चहा घेत त्याचे काम पाहायचे, एवढाच माझा तजुर्बा. आता तो घरी परत आला आहे आणि दिघीला छोटे गॅरेज चालवतो. त्याच्याकडे बसून जे ऐकले, पाहिले आणि पावतीपुस्तकाच्या मागे आकडेमोड करून ताडून घेतले, ते आपल्या हुन्नरी बांधवांपुढे ठेवतो.

आपल्या किनाऱ्याला इंजिनाचे नाते नवीन नाही. राजपुरीच्या खाडीच्या दोन्ही तीरांवरची माणसे पिढ्यान् पिढ्या जहाजांवर गेली आणि त्यांतली कितीतरी इंजिनखोलीत राबली. आज समोर आगरदांड्याला जाणारी फेरीबोट असो की कोळ्यांच्या होड्या, सगळीकडे डिझेल इंजिन आहे. पण ही सगळी कामाची इंजिने. मी सांगतो ते शौकाच्या इंजिनाबद्दल आहे, आणि शौकाच्या इंजिनात गिऱ्हाईक पैसा सढळ हाताने देतो म्हणूनच कारागिराचे पाऊलही तिथेच घसरते.

मोटारीचे नाव पोर्शे ९११. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात बनते. १९६३ साली ती प्रथम लोकांपुढे आली आणि पुढे १९९८ पर्यंत तिच्या इंजिनाला पाणी नव्हतेच. सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे निजलेले, वरून पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा, आणि थंडाव्याचे उरलेले काम तेलाकडे. रेडिएटर नाही, हौज नाही, गळती नाही. पण पाण्याचा एक गुण आहे. ते उकळण्याच्या बेताला येईपर्यंत इंजिनाचे तापमान एका जागी धरून ठेवते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला असा लगाम नसतो. चढ लागला, रहदारीत पंखा मंद फिरला, पंखांच्या फटींत धूळ किंवा उंदराचे घरटे बसले, की हेड तापत जाते, आणि किती तापले हे ड्रायव्हरला लगेच कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा मामला तिच्यावर आहे.

१९७८ पासून १९८३ पर्यंत निघालेल्या ९११ एससी या मॉडेलचे इंजिन तीन लिटरचे. सिलिंडरचा बोअर ९५ मिलिमीटर, स्ट्रोक ७०.४. हिशेब केला तर एका सिलिंडरचे घनफळ ४९९ सीसी येते. (उर्दू शाळेत आम्ही याला ‘हजम’ म्हणत असू आणि रेशोला ‘निस्बत’. हे दोन शब्द डोक्यात बसले म्हणून मला भाच्याचे बोलणे लवकर समजले.) आता आपल्या बुलेट पाचशेचा आकडा घ्या. बोअर ८४, स्ट्रोक ९०, आणि घनफळ पुन्हा ४९९ सीसी! म्हणजे स्पोर्ट्स मोटारीच्या त्या लाखमोलाच्या इंजिनाचा एक सिलिंडर आणि बोर्लीच्या रस्त्यावर धडधडत जाणारी बुलेट, दोन्ही एकदम सारख्या मापाच्या. बुलेटही हवेवरच थंड होते. म्हणून जे तिकडे खरे ते इकडेही बरेचसे खरे आहे.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे काय? पिस्टन खाली असताना त्याच्यावर जेवढी जागा असते, तिला पिस्टन वर आल्यावर उरलेल्या जागेने भागायचे. उरलेल्या जागेला भाचा ‘खोली’ म्हणतो, मीही तेच म्हणतो. एससीच्या सुरुवातीच्या इंजिनाची निस्बत ८.५ होती. ४९९ ला ७.५ ने भागले की खोली ६६.५ सीसी निघते. हीच निस्बत ९.५ करायची तर ४९९ भागिले ८.५, म्हणजे खोली ५८.७ सीसी. फरक अवघा ७.८ सीसी, औषधाच्या दीड चमच्याएवढा. एवढ्या जागेसाठी लोक हजारो दिरहम मोजतात.

मोबदला काय मिळतो तेही सांगतो. निस्बत ८.५ वरून ९.५ केली, तर कागदावरच्या हिशेबाने त्याच पेट्रोलात सुमारे तीन टक्के काम जास्त मिळते. १८० हॉर्सपॉवरच्या इंजिनात पाच-सहा हॉर्सपॉवर. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी जास्त हुशार वाटते, हेही खरे. पण गिऱ्हाईकाला वाटते तेवढे मोठे घबाड यात नाही, आणि हे त्याला काम घेण्यापूर्वीच सांगावे.

खुद्द कारखान्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९६३ च्या पहिल्या दोन लिटर इंजिनाची निस्बत ९ होती आणि ताकद १३० हॉर्सपॉवर. ९११ एस या तेज मॉडेलात ती ९.८ पर्यंत गेली. २.२ लिटरच्या एसची ताकद १८० होती, निस्बत ९.८. मग १९७२ च्या मॉडेलात त्यांनी स्ट्रोक ६६ वरून ७०.४ केला, इंजिन २.४ लिटरचे झाले आणि निस्बत मुद्दाम ८.५ वर उतरवली, जेणेकरून साधे पेट्रोल चालावे. ताकद घटली का? नाही. १९० झाली. पुढच्याच वर्षीची करेरा आरएस, जिच्यासाठी शौकीन लोक आज घरदार विकायला तयार असतात, तिच्या २.७ लिटर इंजिनाची निस्बतही ८.५ च आणि ताकद २१०. तेव्हा निस्बत वाढवली म्हणजेच इंजिन तेज, हा समज कारखान्याने स्वतःच खोटा ठरवलेला आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. एससीला युरोपात १९८१ पासून ९.८ निस्बत दिली तेव्हा ताकद २०४ झाली, पण त्याबरोबर ९८ ऑक्टेनचे पेट्रोल सक्तीचे झाले.

ऑक्टेन हा शब्द पंपावर आपण सगळे पाहतो. स्पार्क पडल्यावर आग प्लगपासून कडेपर्यंत पसरत जाते. तिला वेळ लागतो. तेवढ्यात कोपऱ्यात दाबलेले, तापलेले मिश्रण आपले आपणच भडकले, तर आत हातोडा मारल्यासारखा दणका बसतो. तोच नॉकिंगचा टकटक आवाज. पेट्रोलने हे स्वतःहून भडकणे किती रोखून धरले त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. निस्बत वाढली की दाब आणि उष्णता वाढते, म्हणून जास्त ऑक्टेन लागते. हेड आधीच तापलेले असेल तर आणखी जास्त लागते. पाण्याच्या इंजिनाला जी निस्बत सहज पचते ती हवेच्या इंजिनाला पचेलच असे नाही, ते यामुळेच.

इथे व्यापाऱ्याच्या नजरेला एक खोडी दिसली ती सांगतो. अमेरिकेतून आलेल्या पिस्टनच्या कागदावर ‘९१ ऑक्टेन चालेल’ असे छापलेले असते. पण अमेरिकेत ऑक्टेन मोजण्याची रीत वेगळी. दोन पद्धतींची सरासरी काढून ते आकडा लावतात. आपल्याकडे, युरोपात आणि आखातात एकाच पद्धतीचा, मोठा येणारा आकडा लिहितात. त्यामुळे अमेरिकेचे ९१ हे आपल्या ९५ च्या आसपास पडते. वार आणि मीटर यांत जसा घोटाळा होतो तसाच हा. ज्याने वाराच्या भावात मीटर विकला तो बुडाला.

आता शारजाची हकीकत. २०११ चा उन्हाळा होता. एक गिऱ्हाईक आपली एससी घेऊन आला. इंजिन तेल जाळत होते, खोलून बांधायचे होते, आणि त्याला कॉम्प्रेशनही वाढवून हवे होते. गॅरेजच्या मालकाने ९.५ चे नवे पिस्टन-सिलिंडर मागवले. खोक्यावर ठळक अक्षरांत ९.५. भाच्याने इंजिन बांधले, जॉबकार्डावर सही केली, गाडी गेली. टायमिंग पूर्वीचेच ठेवले होते आणि गिऱ्हाईक ९५ चे पेट्रोल भरत होता. अडीच महिन्यांनी गाडी टो होऊन परत आली. बाहेर ४८ अंश तापमान. इंजिन उघडले तर डावीकडच्या मधल्या सिलिंडरच्या पिस्टनची कड, रिंगच्या वरचा ओठ, उंदराने कुरतडल्यासारखी खाल्ली होती. डावीकडच्या बाकी दोन पिस्टनांवरही खुणा. उजवीकडचे तिन्ही मात्र स्वच्छ.

मालकाने हात वर केले. सही भाच्याची, नुकसान भाच्याचे. तीन महिन्यांचा पगार कापला गेला. त्या वर्षी बहिणीच्या घराचे छप्पर व्हायचे होते ते झाले नाही. मी त्याला फोनवर म्हणालो, “अरे, माल तर नवा होता, खोक्यावर आकडा होता, तुझी चूक काय?” तो म्हणाला, “मामू, तुम्ही थानावर ४४ पन्हा लिहिलाय म्हणून न मोजता विकता का?” मी गप्प झालो. गेल्याच महिन्यात ४४ लिहिलेल्या थानात ४२ भरलेला पन्हा मी परत पाठवला होता.

मोजल्यावर काय निघाले? पूर्वी केव्हातरी त्या इंजिनाच्या डाव्या बाजूचे काम झाले होते. हेडचे स्टड तुटले असावेत. (एससीत खालच्या बाजूचे स्टड तुटण्याचा रोग आहेच.) त्या वेळी कुणीतरी डावीकडची तीन हेडे खरादावर तोंड साफ करताना अर्धा मिलिमीटर उतरवली होती. उजवीकडची जशीच्या तशी. ९५ मिलिमीटर बोअरचे क्षेत्रफळ ७०.९ चौरस सेंटिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे साडेतीन सीसी खोली कमी. ५८.७ मधून साडेतीन गेले, ५५.२ उरले. ४९९ भागिले ५५.२ अधिक एक, निस्बत १०.०४! एकाच इंजिनाची एक बाजू साडेनऊ आणि दुसरी दहाच्या वर. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो कोरे हेड आणि ठरलेल्या जाडीचे पॅकिंग धरून लिहिलेला होता, आणि हेड कोरे नव्हते.

तिथे एक वयस्क पठाण उस्ताद खरादावर होता. त्याने भाच्याला मोजायला शिकवले, आणि ती रीत मी डोळ्यांनी पाहिली. हेड उलटे ठेवायचे, दोन्ही व्हॉल्व्ह बसवून, प्लग घट्ट लावून. तोंडावर भोक पाडलेली जाड प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ग्रीस लावून चिकटवायची. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशा काचेच्या ब्युरेटमधून रॉकेल सोडत जायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही. किती सीसी मावले ते लिहायचे. मग पिस्टनच्या डोक्यावरचा फुगवटा. पिस्टन सिलिंडरमध्ये मोजून खाली उतरवायचा, कडेला ग्रीस, वर तीच पट्टी, पुन्हा रॉकेल. सपाट पिस्टन असता तर तेवढ्या खोलीत किती मावले असते ते गणिताने निघते. प्रत्यक्षात जे कमी मावले ते फुगवट्याचे घनफळ. शेवटी पिस्टन अगदी वर असताना त्याची कड सिलिंडरच्या तोंडापासून किती खाली राहते ते. तीन आकड्यांची बेरीज-वजाबाकी केली की खरी खोली हातात येते. सहा सिलिंडरांना अर्धा दिवस पुरे होतो, आणि तो अर्धा दिवस गिऱ्हाईकाकडून उघडपणे मागून घ्यावा. भाचा आता बिलात त्याची वेगळी ओळ लावतो.

पिस्टनची कड आणि सिलिंडरचे तोंड यांत निदान एक मिलिमीटर अंतर राखावे, असा या इंजिनाच्या कारागिरांचा दंडक आहे. गरम इंजिन जोरात फिरले की कनेक्टिंग रॉड किंचित ताणतो, ते अंतर त्यासाठी. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांतले अंतर पोरांच्या खेळायच्या चिकणमातीने पाहतात. पिस्टनवर मातीची चकती ठेवायची, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे, उघडून चकती कापायची आणि सर्वांत पातळ जागा मोजायची. आत येणाऱ्या व्हॉल्व्हला दीड मिलिमीटर आणि बाहेर जाणाऱ्याला दोन, याहून कमी नको.

मग त्या इंजिनाचे काय केले? भाच्याचा विचार तीन नवी हेडे घेण्याचा होता, पण पैसे कोण देणार? उस्तादाने साधा तोडगा काढला. सिलिंडरच्या बुडाशी पाव मिलिमीटरचे पातळ पॅकिंग असते. डाव्या बाजूला त्याच्याबरोबर अर्ध्या मिलिमीटरचे आणखी एक घातले. वरून जेवढे कापले गेले होते तेवढेच खालून परत दिले. साडेतीन सीसी परत आले, दोन्ही बाजू साडेनऊला जुळल्या, आणि हेडवर बसणारे कॅमचे घरही मूळच्या उंचीला आले. टायमिंग दोन-तीन अंश मागे घेतले, आणि पेट्रोल ९८ चेच भरावे असे कार्डावर लिहून गिऱ्हाईकाची सही घेतली. भाचा शारजात होता तोवर ती गाडी चालत होती.

कॅमच्या घराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बाजूची तिन्ही हेडे एकाच कॅमच्या घराला बोल्टने जोडलेली असतात. म्हणून एक हेड कापले तर तिन्ही सारखीच कापावी लागतात, नाहीतर घर वाकडे बसते, कॅम जड फिरतो आणि तेल गळते. कारखाना सिलिंडरांचीही उंची मोजून त्रिकोणात ५ किंवा ६ असा आकडा ठोकत असे, आणि एका बाजूला एकाच आकड्याचे सिलिंडर घालायचे. भंगारातून सुटे सिलिंडर आणणाऱ्याने हा त्रिकोण आधी पाहावा.

निस्बत वाढवण्याचे मार्ग तसे थोडेच. फुगीर डोक्याचे पिस्टन, हेड कापणे, बुडाचे पॅकिंग पातळ करणे. शेवटच्यात जीव नाही. पाव मिलिमीटर काढून टाकले तर १.८ सीसी कमी होतात आणि ८.५ ची निस्बत ८.७ होते, एवढेच, आणि वरचे एक मिलिमीटरचे अंतर धोक्यात येते. फुगीर पिस्टनचीही एक अडचण आहे. डोके फार उंच झाले की ते खोलीच्या मधोमध भिंतीसारखे उभे राहते. प्लग एका बाजूला, आग त्या भिंतीला वळसा घालून पलीकडे पोहोचेपर्यंत उशीर, आणि तिथेच नॉकिंग. म्हणून दहाच्या पुढे जायचे तर एका सिलिंडरला दोन प्लग लावतात. कारखान्याने १९८९ पासूनच्या ३.६ लिटर इंजिनात निस्बत ११.३ केली तेव्हा दोन प्लग दिले आणि नॉकिंग ऐकून टायमिंग आपोआप मागे घेणारे सेन्सरही बसवले. ती सोय नसताना नुसता आकडा उचलून जुन्या इंजिनात घालणे म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या कारागिरांसाठी आणखी एक धोका. आपली सवय अशी की सिलिंडर घासला की बोअर करून ओव्हरसाईझ पिस्टन घालायचा. बुलेटच्या बिडाच्या सिलिंडरला ते ठीक. पण पोर्शेचे बरेच सिलिंडर ॲल्युमिनियमचे असून आत निकासिल नावाचा निकेलचा कडक मुलामा असतो, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा. तो बोअरिंग मशीनवर चढवला की मुलामा गेला, सिलिंडर भंगारात. दुसरा प्रकार अलुसिल, त्यात मुलामाच नसतो, धातूतच सिलिकॉन असते, आणि त्याला वेगळे लेप दिलेले पिस्टन लागतात. दोन्ही दिसायला भावासारखे. ओळखल्याशिवाय हात लावू नये. तसेच १९७७ पर्यंतच्या २.७ लिटर इंजिनांचे केसिंग मॅग्नेशियमचे असे. त्यात हेडच्या स्टडचे आटे उपटून येतात. असे केसिंग असेल तर आट्यांत स्टीलचे बुश बसवल्याशिवाय कॉम्प्रेशन वाढवण्याचा विचारही करू नये.

आता दिघीकडे वळू. भाचा २०१९ ला परत आला. इथे पोर्शे कोण आणणार? पण जुन्या बुलेट येतात. पुण्या-मुंबईचे शौकीन दिवेआगर-श्रीवर्धनला येताना फेरीबोटीने इकडे उतरतात आणि कधी गाडी बिघडली तर त्याच्याकडे ठेवून जातात. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याचा एक तरुण जुनी पाचशे घेऊन आला. बोलका, पैसेवाला, सगळी माहिती मोबाईलवर वाचून आलेला. इंजिन खोलून बांधायचे आणि निस्बत साडेआठ करायची.

मी तिथेच होतो. पावतीपुस्तक काढून मीच हिशेब केला. जुन्या बिडाच्या बुलेटची निस्बत साडेसहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. साडेसहा धरली तर खोली ९०.७ सीसी. साडेआठला ६६.५ हवी. म्हणजे २४ सीसी घटवायचे. ८४ बोअरला एक मिलिमीटर म्हणजे ५.५ सीसी. कापून करायचे तर सव्वाचार मिलिमीटरच्या वर काढावे लागेल, ते अशक्य. म्हणजे फुगीर पिस्टनच पाहिजे. पिस्टन बाजारात मिळतो, अडचण ती नाही. अडचण खाली आहे. त्या जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बेअरिंगऐवजी तरंगता बुश असतो. तो शांत चालीसाठी केलेला आहे. वर दाब वाढवला की मार त्याच्यावर. किकही जड होते, आणि टायमिंग थोडे पुढे असले तर किक उलटी बसून घोटा मोडतो. आमच्या गावात असा एक घोटा मोडलेला आहे, नाव घेत नाही.

तरुण म्हणाला, “पण आता पेट्रोल चांगले आले आहे ना?” हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नव्वदच्या दशकात आपल्या पंपावर ८७ ऑक्टेन मिळे, तेही शिसे घातलेले. १ फेब्रुवारी २००० पासून शिसे देशभरातून गेले. पुढे ९१ आले. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने मुंबई-पुण्यासह काही शहरांत १०० ऑक्टेनचेही पेट्रोल आणले. आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आहे आणि इथेनॉलने ऑक्टेन वाढतेच. पण भाच्याने नाण्याची दुसरी बाजू दाखवली. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा दम कमी. म्हणजे जुन्या कार्बोरेटरचे जेट तेच ठेवले तर मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रणाने हेड आणखी तापते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हेच नको असते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुने रबर फुगवते. आपल्या किनाऱ्यावरच्या ओल्या हवेत चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत काय होते ते प्रत्येक मेकॅनिक जाणतो.

भाच्याने त्याला दोन कागद दिले. एकावर साडेआठचा खर्च, त्यात खालचा बुश काढून रोलर बेअरिंग, क्रँक नव्याने बसवून सरळ करणे, कार्बोरेटरचे जेट. दुसऱ्यावर साध्या बांधणीचा खर्च, व्हॉल्व्ह नीट बसवणे, बोअर सरळ करणे आणि निस्बत मोजून सातच्या आत ठेवणे. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट होता. तरुणाला तिसराच कागद हवा होता, नुसता पिस्टन बदलून साडेआठ. तो भाच्याने लिहून दिला नाही. पावसाळ्याचे चार महिने समोर, जेट्टीवरची वर्दळ बंद होणार, गॅरेजचे भाडे चालूच. मी हळूच म्हणालो, “अरे, बघ जरा.” तो म्हणाला, “मामू, सही माझी असेल.”

तरुणाने गाडी छोट्या टेम्पोत चढवली आणि फेरीबोटीने आगरदांड्याला नेली. पुढे त्याने ती कुठे बांधली, कशी बांधली, काही कळले नाही.

त्या पावसाळ्यात भाच्याने दोन होड्यांची डिझेल इंजिने केली आणि बोर्लीच्या एका मास्तरांची बुलेट साडेतीनशे. मास्तरांना कॉम्प्रेशन वाढवायचे नव्हते, फक्त सकाळी शाळेला वेळेवर पोहोचायचे होते. तरीही त्याने हेड उलटे ठेवून ब्युरेट लावले. ब्युरेट शारजाहून येताना त्याने कपड्यांत गुंडाळून आणले आहे, आणि गुंडाळायला घेतलेला तो कपडा माझ्याच दुकानातला होता. साडेतीनशेची खोली किती भरली तो आकडा मास्तरांच्या बिलाच्या मागे लिहून दिला. मास्तरांनी विचारले, हे कशाला? तो म्हणाला, पुढच्या वेळी जो कुणी उघडेल त्याच्यासाठी.